लोटन आबांची चिंदी

गुरुवारी दुपारी सिंधुकाकू माझ्या सेवा केंद्रात आल्या तेव्हा मी आधीच वैतागलेली होते. सर्व्हर सकाळपासून बंद, बाहेर वैशाखातलं ऊन, आणि सातबाऱ्यासाठी आलेले तिघं माझ्याकडे असे बघत होते की जणू मीच सरकार. काकूंनी पदराखालून वहीचं एक पान काढलं आणि टेबलावर ठेवलं.

“एवढं टाइप करी दे माय. दोन परती काढजो.”

अक्षर त्यांच्या नवऱ्याचं, म्हणजे लोटन आबांचं होतं. आबा आमच्या गावच्या उपसा सिंचन संस्थेचे पंप चालक. गाव कोरीटच्या पलीकडे, पंपघर तापीच्या काठावर. मी टाइप करायला घेतलं.

‘मा. अध्यक्ष साहेब, मी एकतीस वर्षांपासून संस्थेच्या पंपावर आहे. गेल्या दोन महिन्यांत मी चौदा वेळा पंप हाताने बंद केला असे कॉम्प्युटर सांगतो. मला त्यातले एकदाही आठवत नाही. माझ्या डोक्यात बिघाड झाला आहे असे वाटते. त्यामुळे शेतकऱ्यांचे नुकसान होते. तरी मला रविवारच्या सभेत कामावरून मोकळे करावे, ही विनंती.’

‘डोक्यात बिघाड’पर्यंत माझी बोटं चालली, मग थांबली.

“काकू, हाई काय शे?”

“जसं लिखेल शे तसं टाइप कर.” काकूंनी तोंड दुसरीकडे फिरवलं. मग राहवलं नाही. “रोज सकायमा माले विचारस, सिंधू, मी काल जेवनू व्हतू का? काल तर माले मन्हंच नाव सांगी दखाडं. बरोबर शे का, म्हने.”

मला हसू यायला हवं होतं, आलं नाही. लोटन आबा म्हणजे असा माणूस की कुठल्या चेंबरचा कुठला वॉल्व्ह किती आटे फिरवायचा हे झोपेत सांगेल. माझं लग्न मोडलं तेव्हा ‘चांगलं झालं, पोरगा तिरळा व्हता’ असं भर चौकात म्हणणारा एकटा तोच. पोरगा तिरळा नव्हता, पण मला फार बरं वाटलं होतं. त्या माणसाने स्वतःच्या हाताने लिहून दिलं होतं की माझं डोकं गेलं.

भानगड अशी. गेल्या दिवाळीत संस्थेने पंपावर एक कॉम्प्युटर बसवला. डब्याएवढाच, भिंतीवरच्या पॅनलमध्ये कुलपात राहणारा. लाइट आली की तो मोटर आपोआप चालू करणार, काही झालं की अध्यक्षांच्या मोबाइलवर मेसेज टाकणार. आपोआप म्हटल्यावर दोन चालक कशाला, म्हणून एकाला घरी बसवलं. आबा एकटे राहिले. ते सायकलवर शेतांकडे जायचे, तीन किलोमीटरवरचे चेंबर उघडायचे आणि पाण्याची वाट बघत बसायचे. उन्हाळा लागला, लाइट वरचेवर जायला लागली, आणि कधीकधी पाणी येईचना. लाइट आलेली, शेजारच्या विहिरींच्या मोटरी चालू झालेल्या, आमचाच पंप मुका. आबा सायकल दामटत परत येत, तर पॅनलच्या स्क्रीनवर लिहिलेलं असे: ‘पंप हाताने बंद केला. ड्यूटी: लोटन.’ पंपघराला कुलूप, किल्ली आबांकडे, दुसरं कोणी येणार नाही. हात तर मग त्यांचेच.

पहिल्यांदा आबा चिडले. पाचव्यांदा गप्प झाले. दहाव्यांदा स्वतःवरच संशय घ्यायला लागले. इकडे अध्यक्ष नवनीत आप्पांची पाच एकर पपई माना टाकत होती, तेही चिडलेले. मागच्या आठवड्यात त्यांनी मोबाइलवरचे ते चौदा मेसेज सभेसाठी कागदावर काढून घेतले. कोणाकडून? माझ्याकडून. मी गाणी ऐकत ऐकत ते छापले, कागद दिले, आणि विसरून गेले. आता मला माझीच लाज वाटली.

“काकू, हा अर्ज मी टाइप करत नाही,” मी म्हटलं.

“म्हंजे?”

“म्हंजे नही कराव. आबांची लाइटची वही आना पहिले.”

ही वही गावात सगळ्यांना ठाऊक आहे. लाइट किती वाजता गेली आणि किती वाजता आली हे आबा एकतीस वर्षं लिहीत आलेत. कोणी सांगितलं म्हणून नाही, सवय म्हणून. कॉम्प्युटर आल्यावर आप्पा त्यांना म्हणालेही होते, आता ती पोथी बंद करा. आबांनी केली नव्हती.

काकू वही घेऊन आल्या. सातबारावाल्यांना मी उद्या या म्हणून सांगितलं, त्यांनी कुरकुर केली, मी डोळे वटारले, ते गेले. मग एका बाजूला वही आणि एका बाजूला केंद्रातल्या फाइलमधून पुन्हा छापलेले चौदा मेसेज ठेवून बसले.

सात मार्च. वहीत: लाइट गेली दोन वाजून दहा मिनिटांनी. मेसेज: पंप हाताने बंद, दोन तीस.

अकरा मार्च. लाइट गेली नऊ पाचला. हाताने बंद, नऊ पंचवीस.

सोळा मार्च. गेली चार चाळीसला. हाताने बंद, पाचला.

मी चौदाच्या चौदा तपासले. प्रत्येक वेळी लाइट गेल्यावर बरोबर वीस मिनिटांनी. आणि ज्या दिवशी लाइट पाच-दहा मिनिटांतच परत आली होती, त्या दिवसांचा एकही मेसेज नव्हता.

आता तुम्हीच सांगा. लाइट गेली की मोटर बंदच पडलेली असते. बंद पडलेल्या मोटरीचं बटण वीस मिनिटं घड्याळ बघून कोण दाबतं? विसरभोळा माणूस इतका वक्तशीर असतो का? मी खुर्चीवरून उठले आणि काकूंना मिठीच मारली. त्या बिचाऱ्या घाबरल्या.

मी नाशिकला सहा वर्षं एका कंपनीत सर्व्हर सांभाळण्याचं काम केलेलं आहे. ती शाखा बंद झाली आणि मी गावी आले, हा भाग वेगळा. पण वीस मिनिटं म्हणजे काय हे मला लगेच कळलं. त्या डब्याच्या आत एक लहान बॅटरी आहे. लाइट गेली की तो बॅटरीवर चालतो. बॅटरी उतरायच्या आत, ठरवून दिलेल्या वेळी, तो शहाण्यासारखा स्वतःला बंद करून घेतो, आणि बंद होण्याआधी आतल्या प्रत्येक कामाला सांगतो, थांब. पंपाच्या कामालाही सांगतो, थांब. आणि नक्की तिथेच पाणी मुरत होतं.

मी तशीच आप्पांच्या ओट्यावर गेले. नीट समजावून सांगायचं असं ठरवून गेले होते, पण माझा स्वभाव आड आला. तीन वाक्यांत माझा आवाज चढला आणि चौथ्यात मी त्यांना आंधळे म्हणाले.

आप्पांनी शांतपणे सुपारी कातरली. “दीपा, कॉम्प्युटरले काय पडेल शे लबाडी कराले? तेले ना बायको ना पोरे.”

“लबाडी नाही आप्पा. त्याला समजतच नाही.”

“मंग सभामा सांग. सगळासमोर.”

“सभा पंपघरावर घ्या. कंपनीचा माणूस बोलवा. तिथेच दाखवते.”

आप्पा वाईट नाहीत. पपई वाळत असली की कोणीही जरा बहिरा होतो. त्यांनी फोन काढून कंपनीला लावला.

शुक्रवारी सकाळी मी पंपघरावर गेले. आबा उंबऱ्यात बसले होते. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं मात्र गळ्यापर्यंत लावलेली. एक जरी राहिलं तर लोक काय म्हणतील, या धास्तीने. मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं, पण चेहऱ्यावर काही उमटलं नाही. माझी दया येऊन हो हो म्हणत असावेत.

आत जुना स्टार्टर अजून तसाच होता. त्याच्या हँडलला, पॅनलच्या नव्या बटणाच्या शेजारी, एक लाल चिंदी बांधलेली दिसली.

“ही काय?”

आबा पहिल्यांदा नीट बोलले. “खाले जाळी साफ कराले उतरेल व्हतू. आत्तेच वर उनू. सोडानी ऱ्हायनी.” ते उठले, गाठ सोडली, चिंदी झटकली आणि खिळ्याला अडकवली. “मी पंप बंद करं तरच बांधस. लाइट गयी तर बांधस नही. चिंदी दिसनी म्हंजे कोनी तरी खाले शे. हात लावानं नही.”

मग त्यांनी रूपसिंगची गोष्ट सांगितली. रूपसिंग धडगावकडचा, आबांचा पहिला जोडीदार. एकदा पंप बंद करून तो जॅकवेलमध्ये, म्हणजे पंपाखालच्या विहिरीत, जाळीत अडकलेला पाला काढायला उतरला. तेवढ्यात लाइट गेली. अर्ध्या तासाने आली. आबा बाहेरून आले, त्यांना वाटलं पंप लाइट गेल्यामुळेच थांबलाय, आणि त्यांनी हँडल ओढलं. रूपसिंगच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. तो अजून आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आबांकडे जेवायला येतो, डाव्या हाताने जेवतो. आबांनी त्याच आठवड्यात स्वतःचं लाल उपरणं फाडलं होतं.

“पंप बंद दिसस,” आबा म्हणाले, “पन कसाले बंद शे ते पंप सांगस नही. ते चिंदी सांगस.”

नाशिकला आम्हाला हेच शिकवायला एसी हॉलमध्ये दोन दिवस घेतले होते, तरी अर्ध्या लोकांना कळलं नव्हतं.

रविवारी सकाळी आठ वाजता सभा भरली. चाळीसेक सभासद, पंपघरासमोरच्या लिंबाखाली. सिंधुकाकू आणि बाकी बाया कट्ट्यावर. कंपनीचा इंजिनिअर पवन शहाद्याहून मोटरसायकलवर आला होता. तिशीचा, सज्जन, पण सारखा घड्याळाकडे बघणारा.

मी आप्पांना म्हटलं, “पॅनलला कुलूप लावा. पंपघरालाही लावा. दोन्ही किल्ल्या तुमच्या खिशात ठेवा. आबा तुमच्याजवळ बसतील. कोणी जागचं हलायचं नाही.”

आप्पांनी कुलपं लावली, दोनदा ओढून बघितली आणि किल्ल्या सदऱ्याच्या खिशात टाकल्या. आबा त्यांच्या शेजारी मांडी घालून बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर, पंजे वर. कोणी तसं बसायला सांगितलं नव्हतं. ते बघून मला रडू आलं, म्हणून मी पवनवर खेकसले की खांबावरचा मेन स्विच पाडा.

त्याने पाडला. आत मोटरीचा आवाज उतरत उतरत थांबला. घड्याळात आठ वाजून सतरा मिनिटं.

वीस मिनिटं फार मोठी असतात. पहिल्या पाचात लोकांनी चेष्टा केली. पुढच्या पाचात चहा आला. मग कोणी म्हणालं, दीपाने उगाच तमाशा मांडला. मी ओठ आवळून उभी होते. माझं गणित चुकलं असेल तर? कंपनीने ती वेळ बदलली असेल तर? आबांनी एकदाही मान वर केली नाही. काकू माझ्याकडे बघत होत्या आणि मी त्यांच्याकडे बघायचं टाळत होते.

आठ सदतीसला आप्पांच्या खिशात मोबाइल वाजला.

आप्पांनी चष्मा लावला. वाचलं. पुन्हा वाचलं.

“मोठ्याने,” मी म्हटलं.

“पंप हाताने बंद केला,” आप्पा वाचत होते आणि आवाज बारीक होत चालला होता. “ड्यूटी: लोटन.”

मग मागून एक जण ओरडला, “आप्पा, किल्ली कोनाकडे शे?” आणि लिंबाखाली असा हशा पिकला की बांधावरच्या शेळ्या उधळल्या. आप्पांनी खिसा चाचपला. किल्ल्या तिथेच होत्या. त्यांचा चेहरा पडला, आणि खोटं कशाला बोलू, मला ते बघून अतिशय आनंद झाला.

“पवन, मेन चढवा,” मी म्हटलं.

लाइट आली. कुलपं उघडली. स्क्रीन जागी झाली, दोन मिनिटं काहीबाही फिरलं, आणि लाल दिवा लागून तिथेच थांबली. ‘हाताने बंद.’ मोटर मुकी. चौदा वेळा झालं होतं ते पंधराव्यांदा, चाळीस साक्षीदारांसमोर.

पवनने लॅपटॉप जोडला आणि स्क्रिप्ट उघडली. स्क्रिप्ट म्हणजे त्या डब्याला लिहून दिलेली कामाची यादी: सुरू हो म्हटलं की काय करायचं, थांब म्हटलं की काय करायचं. मी वाकून बघितलं. ‘थांब’च्या खाली तीन ओळी होत्या. मोटर बंद कर. ‘हाताने बंद’ अशी खूण ठेव. अध्यक्षांना मेसेज टाक. आणि ‘सुरू हो’च्या खाली: खूण असेल तर गप्प बस.

“थांब कोण म्हणतंय, हे कुठे विचारलंय?” मी पवनला म्हटलं. “माणसाने बटण दाबलं तरी हेच, आणि सगळा कॉम्प्युटर बंद होताना म्हणाला तरी हेच?”

पवन डोकं खाजवायला लागला. “मॅडम, आमच्या टेबलावर आम्ही बटण दाबूनच तपासलं होतं. तिथे लाइट जात नाही ना.” मग घाईने म्हणाला, “सोपं आहे. खूणच काढून टाकतो. लाइट आली की पंप चालू. विषय संपला.”

आप्पांच्या जिवात जीव आला. “हां, असंच करा. पपईले पानी भेटनं म्हंजे झायं.” लोक उठायलाही लागले. दोघातिघांनी आबांच्या पाठीवर थाप मारली. सुटला माणूस, आणखी काय पाहिजे?

आबा उभे राहिले.

“आप्पा, माले कामवरून काढी टाका, चाली,” ते म्हणाले. आवाज मोठा नव्हता, पण सगळे थांबले. “पन ती खून काढू नका. खाले मानूस ऱ्हास. मी बंद करीसन उतरनू, लाइट गयी, लाइट उनी, अन् हाऊ डबा आपलाच चालू व्हयना तर? लाइटले काय माहीत खाले कोन शे?”

उठलेले लोक पुन्हा बसले. रूपसिंगची बोटं त्या जमलेल्यांपैकी निम्म्यांनी बघितलेली होती. ती एक ओळ काढली की आबा पूर्ण सुटत होते, आणि तीच काढायला ते नको म्हणत होते. इतका अभिमान मला कोणाचा कधी वाटला नव्हता.

“पवन, लॅपटॉप इकडे द्या,” मी म्हटलं.

“मॅडम, कंपनीला विचारावं लागेल.”

“विचारा. तोवर मी करते.”

त्याने फोन लावला, पलीकडे रविवार होता, कोणी उचलला नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं, आबांकडे पाहिलं आणि लॅपटॉप सरकवला. तेवढ्यासाठी मी त्याच्या घड्याळाला माफ केलं.

काम मोठं नव्हतं. आबा एकतीस वर्षं जे करत होते तेच लिहायचं होतं. चिंदी बांधायचं काम मी ‘थांब’कडून काढून घेतलं आणि बटणाकडे दिलं. माणसाने बटण दाबलं तर आधी चिंदी, मग थांब. कॉम्प्युटर स्वतः मिटत असला तर नुसतं थांब, चिंदी नाही. परत जागा झाल्यावर चिंदी दिसली तर गप्प, नाही दिसली तर चालू. खुणेच्या फाइलचं नावही मी ‘चिंदी’ ठेवलं. पवन हसला, पण त्याने ते बदललं नाही. त्याने चाचणीपुरता बॅटरीचा वेळही वीसवरून एक मिनिटावर आणला, नाहीतर संध्याकाळ झाली असती.

“झालं,” मी ऐटीत म्हटलं. “आबा, बटण दाबा.”

“पहिले ग्रिपा काढा,” आबा म्हणाले. ग्रिपा म्हणजे मोटरीचे फ्यूज. “दिवा दखीसन समजी. मोटर फिराले नको.”

इतका काय तो अविश्वास, असं माझ्या मनात आलं. पण त्यांनी स्वतःच ग्रिपा काढून कट्ट्यावर ठेवल्या. मग बटण दाबलं. लाल दिवा. पवनने मेन पाडला, एका मिनिटाने डबा मिटला, मेन चढवला. डबा जागा झाला. सगळे पॅनलकडे माना लांब करून बघत होते.

हिरवा दिवा लागला.

म्हणजे ग्रिपा जागेवर असत्या तर मोटर फिरली असती. आणि आबा खाली असते तर. लिंबाखाली कुजबुज सुरू झाली.

आबा माझ्याजवळ आले. “चिंदी कोठे बांधी तू?”

त्या एका प्रश्नाने माझ्या डोक्यात लख्ख झालं. नाशिकच्या सवयीने मी ती फाइल तात्पुरत्या कप्प्यात ठेवली होती. कॉम्प्युटर जागा होताना तो कप्पा झाडून पुसून साफ करतो. चिंदी बांधली होती खरी, पण केरात.

“केरात बांधली आबा,” मी म्हटलं. खोटं बोलायची सोय नव्हती.

“मंग हँडलले बांध,” ते म्हणाले. बस, एवढंच. कोणी मला इतक्या हलक्या हाताने कधी रागावलं नव्हतं.

मी फाइल पक्क्या जागी नेली. तीनदा वाचलं. पवनलाही वाचायला लावलं. पुन्हा बटण, लाल दिवा, मेन खाली, एक मिनिट, मेन वर. डबा जागा झाला. स्क्रीनवर चाकं फिरली. लाल दिवा. आम्ही थांबलो. पाच मिनिटं झाली, दहा झाली. लाल तो लालच.

मग दुसरी बाजू. आबांनी पॅनलवरून पंप चालू केला, म्हणजे डब्यातली चिंदीही सुटली, हिरवा दिवा, आणि कोणी बटणाला हात न लावता मेन पाडला. एका मिनिटाने आप्पांचा मोबाइल वाजला. या वेळी त्यांनी न सांगता मोठ्याने वाचलं. “लाइट गेल्यामुळे पंप थांबला. लाइट आल्यावर आपोआप सुरू होईल.” मेन वर. डबा जागा झाला. हिरवा दिवा!

लोकांनी टाळ्या पिटल्या. आबांनी मात्र हात वर केला. “आते ग्रिपा लावा.”

ग्रिपा लागल्या. आबांनी जॅकवेलमध्ये डोकावून तीन हाका मारल्या, कोणी नाही याची खात्री केली, आणि तेच दोन्ही खेळ खऱ्या मोटरीवर पुन्हा करून घेतले. लाइट गेली, आली, आणि कोणी बोटही न लावता मोटर घुमायला लागली, पाइप थरथरला, पाणी वर चढलं. बायांनी कट्ट्यावरून गलका केला. मग आबांनी बटण दाबून पंप बंद केला. मेन खाली, मेन वर. शेजारच्या शेतातली मोटर सुरू असल्याचा आवाज येत होता. आमचा पंप शहाण्यासारखा गप्प होता. मी डोळे मिटून घेतले आणि त्या शांततेचा आवाज ऐकत राहिले.

आप्पांच्या मोबाइलवर आणखी एक मेसेज होता. त्यांनी तो स्वतः वाचला नाही. मोबाइल आबांच्या हातात दिला.

आबांनी तो डोळ्यांपासून लांब धरला आणि एकेक शब्द वाचला. “लोटन यांनी पंप हाताने बंद केला. चिंदी लावली आहे.” मग काकूंकडे वळून म्हणाले, “हाई माले याद शे. हाई मीच करं.”

काकू कट्ट्यावरून उठून पंपघराच्या मागे गेल्या आणि बराच वेळ परत आल्या नाहीत.

आप्पांनी सभेपुढे हात जोडले. मला वाटलं होतं मी त्यांना आणखी दोन शब्द ऐकवीन, चांगले जपून ठेवलेले होते. पण त्यांच्या डोळ्यांत पाणी बघून ते माझ्या तोंडातच राहिले. दुसरा चालक परत घ्यायचा ठराव त्यांनीच मांडला, आणि लाइटची वही यापुढे संस्थेने आणून द्यायची हाही. आबांनी सुरतेला मुलीला, जागृतीला, फोन लावला. फोनवर आबा सगळ्या गावाला ऐकू जाईल असंच बोलतात. “बेटा, मी विसरी नही ऱ्हायनू. डबा चुकना व्हता. मन्हं डोकं जागेवर शे.” हे त्यांनी तिला चार वेळा सांगितलं, आणि चौथ्या वेळी सगळी सभा हसत होती. पवनही घड्याळ विसरला होता. त्याने कंपनीला लिहिलं की ही दुरुस्ती सगळ्या पंपांवर करायला हवी. पुढे फाइलचं नाव बदलायचं का, असा त्यांचा उलट प्रश्न आला, तेव्हा त्याने नाही म्हणून कळवलं.

निघताना मी बघितलं, आबांनी पॅनलचं बटण दाबून पंप बंद केलेला होता आणि शेजारच्या हँडलला लाल चिंदीही बांधत होते.

“आबा, आता ती कशाला? डब्यात आहे ना.”

“ऱ्हावू दे. दोन बऱ्या.” आणि ते जाळी साफ करायला खाली उतरले, शर्टाची वरची तीन बटणं उघडी टाकून.

सोमवारी सकाळी केंद्र उघडायच्या आधीच काकू दारात उभ्या होत्या, हातात डबा. डब्यात वरण-बट्टी, वर तुपाचा थर. मी ड्रॉवरमधून वहीचं ते पान काढलं आणि त्यांना दिलं. अर्ज पुरता टाइप झालेलाच नव्हता. त्यांनी ते पान चुलीत घालते म्हणून पदराखाली ठेवलं.

“आज काही विचारलं का आबांनी?” मी म्हटलं.

“नही. मी वाट दखी. उठना, तोंड धुयं, बठना. काही नही विचारं. मंग मीच विचारं, मी कोन शे सांगा बरं?”

“मंग?”

“म्हने, चहा टाक.” आणि काकू दारातच उभ्या राहून हसत सुटल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.